नवा वॉटर पंप पुन्हा का गळतो? जुना पंप फेकण्याआधी हे तपासा

वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव (कूलंट) फिरवणारा पंप, एकदा बदलला की तो विषय काही वर्षं तरी डोक्यातून जायला हवा. बऱ्याच गाड्यांत पंप १ लाख ते दीड लाख किलोमीटर सहज जातो. कधी त्याआधी बसतो, कधी दोन लाखही ओलांडतो. पण नवा पंप टाकून वर्षही झालं नाही आणि त्याच जागी पुन्हा ओल दिसतेय, बेअरिंग पुन्हा कुरकुरतंय, असं होत असेल तर तिसरा पंप आणायची घाई करू नका. "पार्टच डुप्लिकेट निघाला" हे उत्तर सगळ्यात आधी तोंडावर येतं. डुप्लिकेट माल असतोच, नाही म्हणत नाही. पण लागोपाठ दोन पंप गेले, आणि तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे, तर दोष बहुतेक वेळा पंपाच्या बाहेर असतो. पंप फक्त त्याची शिक्षा भोगत असतो.

म्हणून पहिली गोष्ट: काढलेला पंप भंगारात टाकू देऊ नका. गाडी गॅरेजला देतानाच सांगून ठेवा, "जुना पार्ट मला परत हवाय." तो कसा मेला हे त्याच्या अंगावरच दिसतं.

आधी खात्री करा की गळतोय तो पंपच

कूलंट वरून खाली ओघळतं आणि पंप बऱ्याच इंजिनांत खालच्या बाजूला असतो. त्यामुळे वरचा होज पाइप, थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर किंवा हीटरकडे जाणारी नळी गळत असली तरी ओल पंपावर दिसते आणि बिचारा पंप बदलला जातो. पुन्हा गळणाऱ्या पंपांच्या कितीतरी तक्रारींत मुळात पंप गळतच नसतो.

इंजिन पूर्ण गार असताना तो भाग पाण्याने धुऊन, कापडाने कोरडा करून घ्या. मग रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर छापलेला असेल तेवढाच दाब भरा (साधारण ०.९ ते १.१ बारच्या आसपास असतो) आणि पंधरा मिनिटं तसंच सोडा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली शोधत या. सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी गळती. टेस्टर नसेल तर वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा शोधा. पाणी उडून जातं, पण मागे पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली राहते.

पंपाच्या अंगावर, बहुतेक खालच्या बाजूला, एक बारीक भोक असतं. त्याला वीप होल म्हणतात. आत सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध ते उघडतं. सीलमधून जे काही झिरपेल ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, एवढंच त्याचं काम. तिथे सुकलेला हलका डाग असेल तर काळजी नको, चांगल्या सीलमधूनही वाफेइतका ओलावा सुटतो. पण तिथून थेंब पडत असेल किंवा ओघळाची ताजी रेघ असेल, तर सील गेलं. हे भोक एम-सील किंवा सिलिकॉनने बुजवणारे महाभाग असतात. तसं केलं की कूलंट सरळ बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पंप जॅम होतो. तो पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालणारा असेल तर पुढचं नुकसान पंपापुरतं राहत नाही.

टायमिंग बेल्टवरचा पंप कव्हरच्या आत लपलेला असतो, त्यामुळे थेंब कव्हरच्या खालच्या कडेवरून पडतात. बेल्टला कूलंट लागलं असेल तर बेल्टही बदलायचा, पुसून चालवायचा नाही. काही टायमिंग चेनच्या इंजिनांत पंप इंजिनाच्या पोटातच असतो. तिथे बाहेर थेंबसुद्धा न पडता कूलंट ऑइलमध्ये जाऊ शकतं. पातळी घटतेय आणि गळती कुठेच सापडत नाही, अशा वेळी डिपस्टिक काढून ऑइल दुधाळ झालंय का ते बघा.

आता काढलेला पंप हातात घ्या

पुली धरून सावकाश फिरवा. थोडा जड, पण एकसारखा फिरला पाहिजे. जडपणा सीलचा असतो, तो चालतो. खरखर, अडखळ किंवा पुली वर-खाली हलवल्यावर "प्ले" जाणवला तर बेअरिंग गेलंय. आता वीप होलकडे बघा. तिथे गंजाचा तांबडा चिखल असेल, तर सील आधी गेलं आणि कूलंटने बेअरिंग खाल्लं. भोक कोरडं आणि तरीही बेअरिंग ढिलं असेल, तर बेअरिंगवर बाहेरून, म्हणजे बेल्टकडून, जादा भार येत होता. हा एक फरक ओळखला तरी पुढचा अर्धा तपास वाचतो.

मग पंप उलटा करून इम्पेलर, म्हणजे कूलंट ढकलणारं पात्यांचं चाक, बघा. पात्यांवर, विशेषतः मध्याजवळ, कोणी टोकदार खिळ्याने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर आत बुडबुडे होऊन फुटत होते. पाती कडेने झिजून पातळ झाली असतील तर कूलंटमध्ये कचरा फिरत होता. आतल्या भिंतीवर तांबूस गाळ, पांढरा क्षार किंवा चिकट जेली लागली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

प्लॅस्टिकच्या इम्पेलरची एक खास चाचणी आहे. एका हाताने पुली घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने इम्पेलर पिळून बघा. जरासुद्धा सरकला तर तो शाफ्टवर सैल झालाय. असा पंप फार फसवतो. गळत नाही, आवाज करत नाही, पुली झकास फिरते. गार असताना पाणीही ढकलतो. गरम झाल्यावर मात्र प्लॅस्टिक फाकतं, शाफ्ट आत फिरत राहतो आणि इम्पेलर जागेवर. चढावर किंवा लांबच्या रस्त्यावर काटा चढतो, हीटरमधून गार हवा येते, गाडी थांबवून थोडी निवली की सगळं ठीक. मग लोक थर्मोस्टॅट बदलतात, रेडिएटर साफ करतात, फॅनची वायरिंग उकलतात.

सील आत दडलेलं असतं, पण इम्पेलर ओढून काढता आला तर नक्की बघा. दोन कड्या असतात: एक शाफ्टबरोबर फिरणारी, एक जागेवर बसलेली. एक सहसा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. दोन्हींचे पृष्ठभाग आरशासारखे घासलेले असतात आणि त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर हेच त्यांचं वंगण. या पृष्ठभागावर जुन्या ध्वनिमुद्रिकेसारख्या गोल रेघा दिसल्या तर मध्ये कचरा शिरला. काळवंडून तडकले असतील तर पंप कोरडा फिरला.

कूलंट: इथे सगळ्यात जास्त पंप मरतात

सील गळतंय आणि बेअरिंग मुळात चांगलं होतं, असा निकाल लागला तर कूलंटवर संशय घ्या. आणि हा निकाल फार वेळा लागतो.

पहिलं कारण म्हणजे जुनं कूलंट पूर्ण निघतच नाही. रेडिएटरच्या खालचा प्लग उघडला की त्यातलं तेवढं निघतं. ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये, नळ्यांत बरंच शिल्लक राहतं. जुन्या पंपाचं सील ज्या गाळाने घासलं तोच गाळ नव्या पंपाच्या नव्याकोऱ्या सीलमध्ये पहिल्या दिवसापासून फिरायला लागतो. म्हणून पंप बदलताना फ्लश करायलाच, म्हणजे यंत्रणा आतून धुवायलाच, हवी: डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असेल तर तोही उघडा. हे कंटाळवाणं काम आहे आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच गाळलं जातं. तीव्र ॲसिडवाली फ्लश औषधं मी शक्यतो टाळतो. ती नीट धुऊन निघाली नाहीत तर नवं कूलंटही बाद करतात.

दुसरं कारण भेसळीचं. कूलंटचा रंग हा काही नियम नाही. हिरवं एका कंपनीचं जुन्या पद्धतीचं असतं, दुसऱ्याचं हिरवंच पण सेंद्रिय आम्लावर चालणारं. दोन न जुळणारी कूलंट एकत्र आली की गंजविरोधी द्रव्यं एकमेकांना निकामी करू शकतात, कधी जेलीसारखा चिकट गाळही धरतो. रंग बघून टॉप-अप करू नका, मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बाटलीवर आहे का ते बघा. आत काय आहे हेच माहीत नसेल तर सगळं काढून नव्याने भरा.

तिसरं, नुसतं पाणी. "थोडं कमी झालं होतं, पाणी टाकलं" असं चार-सहा वेळा झालं की कूलंट इतकं पातळ होतं की त्यातली गंजविरोधी द्रव्यं पुरत नाहीत. बहुतेक गाड्यांना निम्मं-निम्मं मिश्रण लागतं. त्यातलं कूलंट तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेलं तर संरक्षणाचा भरवसा राहत नाही. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार गरम पृष्ठभागावर बसतात, सुटून निघतात आणि सीलमध्ये जातात. उलट टोकाची चूकही होते: कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) तसंच ओततात. त्यातलं मुख्य द्रव्य, शुद्ध ग्लायकॉल, उष्णता पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं आणि गोठतंही लवकर, उणे १३ अंशांच्या आसपास. निम्मं पाणी मिसळल्यावर हाच आकडा उणे ३७ पर्यंत खाली जातो. बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलंय की पाणी मिसळायचंय, ते वाचा. प्रमाण तपासायला रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर) एक थेंब पुरतो.

गळती बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रव यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं, एरवी नको. गळती शोधून बुजवण्याची अक्कल त्यांना नसते, त्या जिथे जागा मिळेल तिथे बसतात. हीटरच्या बारीक नळ्या हे त्यांचं आवडतं ठिकाण.

इम्पेलरवर खड्डे असतील तर झाकण बघा

पंपाच्या तोंडाशी, जिथे तो कूलंट ओढून घेतो तिथे, दाब सगळ्यात कमी असतो. यंत्रणेतला एकूण दाब पडला तर तिथे कूलंट उकळून बुडबुडे होतात आणि पात्यावर येऊन फुटतात. प्रत्येक फुटण्याने धातूचा कण उडतो. पाणी मोकळ्यावर १०० अंशांना उकळतं, पण १ बारच्या झाकणाखाली साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की हे सगळं संरक्षण जातं. झाकण ही सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि बदलायचं म्हणून कोणाच्याही लक्षात येत नाही. पंपाबरोबर झाकणही बदला, आकडा तोच ठेवून.

दाब उलट जास्त होत असेल तर? सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतोय, टाकीत सतत बुडबुडे येतायत, कूलंट बाहेर फेकलं जातंय, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्यातून) जळालेला वायू आत शिरतोय. असा वायू पंपाजवळ साठला की सील कोरडं पडतं. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची वायू-चाचणी करा. द्रव पिवळा झाला तर पंपाचा विचार बाजूला ठेवा, आधी हेडचं बघा.

बेअरिंग जात असेल तर बेल्टकडे वळा

बेल्ट वाजतो म्हणून ताणून बसवणं हे नेहमीचं. ताण गरजेपेक्षा जास्त झाला की तो सगळा भार पंपाच्या बेअरिंगवर. ऑटोमॅटिक टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा भाग) असेल तर इंजिन आयडलवर असताना त्याचा हात बघा. थोडा डुलतो ते ठीक, थडथड उडत असेल तर तो बदलायला झालाय. इंजिन बंद करून पुल्यांवर सरळ पट्टी धरा. एखादी पुली पुढे-मागे दिसली तर बेल्ट वाकडा ओढतोय. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत फॅन थेट पंपावर असतो. तिथे फॅनचं एक पातं तुटलेलं किंवा फॅन क्लच (फॅनला पंपाशी जोडणारा भाग) डगमगणारा असेल तर कोणताच पंप टिकणार नाही.

टायमिंग बेल्टवरच्या पंपात वाचवावाचवी करू नका. बेल्ट बदलताना पंप, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) एकत्रच बदलतात, कारण मजुरी तीच आणि एकाने दगा दिला की सगळं पुन्हा उघडावं लागतं. नव्या पंपावर जुना टेन्शनर ठेवला आणि दोन-चार महिन्यांत पंप कुरकुरला, तर आश्चर्य नाही. काही इंजिनांत तर पंपच फिरवून बेल्टचा ताण धरतात, तिथे अंदाजपंचे बसवलेला पंप पहिल्या दिवसापासून जादा ताणात असतो.

बसवताना

नवा पंप जुन्याशेजारी ठेवा. भोकं जुळणं पुरेसं नाही. इम्पेलरची खोली, पुलीच्या बैठकीची उंची आणि पात्यांची दिशा जुळली पाहिजे. एकाच कुटुंबातल्या दोन इंजिनांत बेल्टची वाट वेगळी असते आणि एकाचा पंप दुसऱ्याच्या उलट फिरतो. असा चुकीचा पंप बोल्टला बसतो, फिरतो, गळत नाही, आणि पाणी मात्र निम्मंच ढकलतो.

ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग पातं घेऊन खरवडू नका, ओरखडे हीच पुढची गळती. कागदी गॅस्केट दिलंय तर गॅस्केट, सिलिकॉन सांगितलंय तर सिलिकॉन. दोन्ही एकावर एक थापायचं नाही. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला दबून निघतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळीत अडकतं. ओ-रिंग कूलंटने ओली करा. ग्रीस लावू नका, कूलंटच्या रबराला खनिज तेलाचं वावडं असतं, ते फुगतं. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. हे बोल्ट बहुधा छोटे असतात आणि हाताच्या जोराने सहज तुटतात. हबवर हातोडा तर अजिबात नको, तो घाव थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो.

आणि हवा काढणं. नवा पंप मारायचा सगळ्यात जलद उपाय म्हणजे अर्धवट भरलेल्या यंत्रणेत इंजिन सुरू करून रेस देणं. सील काही क्षणांतच तापतं. सावकाश भरा, हवा काढायचे स्क्रू असतील तर ते उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, आणि हीटरमधून एकसारखी गरम हवा येईपर्यंत इंजिन आयडलवरच ठेवा. आयडलला गार हवा आणि रेस दिल्यावर गरम, असं होत असेल तर आत अजून हवा आहे किंवा कूलंट कमी आहे.

विजेवरचे पंप

सगळेच पंप बेल्टवर नसतात. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये (२००९) इंजिनाचा पंपच विजेवर आहे आणि इंजिनाला बाहेरून बेल्टच नाही. अशा पंपांत झिजेची खूण आधी दिसेलच असं नाही, बहुधा थेट फॉल्ट कोड येतो. पंप बदलण्याआधी कनेक्टरमधली ओल, फ्यूज आणि वायर तपासा. हवा काढण्याची पद्धत त्या त्या गाडीची वेगळी असते, काहींत स्कॅनरने पंप चालवूनच काढावी लागते.

चालू रस्त्यात पंप गेला तर

काटा लाल भागाकडे निघाला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढचं गॅरेज जवळच आहे" या हिशेबात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. एक फसवी गोष्ट: कूलंट सगळंच सांडलं तर सेन्सर हवेत राहतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा अचानक उतरला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. गरम असताना झाकण उघडायचं नाही. सांडलेलं कूलंट धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

पंप बसवल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा गाडी गरम होऊन गार झाली की, सकाळी इंजिन सुरू करण्याआधी टाकीतली पातळी बघा. हवा निघून गेल्यामुळे ती थोडी खाली जाते, तेवढीच भरा, त्याच कूलंटने. वीप होलला या काळात एखादा थेंब दिसला तर लगेच पंप उतरवू नका, नवं सील बसायला थोडा वेळ घेतं. आठवड्यानंतरही थेंब येतच असेल तर मात्र परत करा. बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: पंप कधी टाकला, किती किलोमीटरला, कूलंट कोणत्या प्रकारचं. पुढचा टॉप-अप कोण करणार हे तुमच्या हातात नसतं.